समृद्ध पिंजरा, साधा पिंजरा आणि मधली अकरा सेकंदं

वाचकाचं पत्र, थोडक्यात : विदर्भातल्या एका संशोधन संस्थेत औषधशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीने लिहिलं आहे. तिने विस्टार जातीच्या उंदरांच्या पाच गाभण माद्यांना गर्भाच्या ११व्या दिवसापासून वितेपर्यंत दिवसातून दोनदा मॉर्फिन टोचलं. पहिल्या तीन मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या होत्या, पुढच्या १० च्या. दुसऱ्या पाच माद्यांना सलाइन दिलं. दहा वेतांमधून प्रत्येकी चार नर घेतले, म्हणजे ४० पिल्लं झाली. २१व्या दिवशी दूध तोडल्यावर प्रत्येक वेतातले दोन नर साध्या पिंजऱ्यात (पिंजऱ्यामागे दोन) आणि दोन 'समृद्ध' पिंजऱ्यात (मोठा, वस्तू, धावचक्र आणि जास्त सोबती असलेला) ठेवले. समृद्ध पिंजरे दोनच होते. एकात मॉर्फिनवाली दहा पिल्लं, दुसऱ्यात सलाइनवाली दहा. चाळीस दिवसांनी मॉरिस वॉटर मेझ, म्हणजे पाण्याच्या टाकीत पोहत जागा आठवून शोधायची चाचणी झाली. पाचव्या दिवशी पाण्याखालचा चौथरा शोधायला सरासरी वेळ लागला तो असा: साध्या पिंजऱ्यात सलाइन २२ सेकंद आणि मॉर्फिन ३४, समृद्ध पिंजऱ्यात सलाइन १३ आणि मॉर्फिन २४. 'समृद्ध परिसरामुळे मॉर्फिनची हानी भरून निघते' असा निष्कर्ष लिहून शोधनिबंध पाठवला. रिव्ह्यूअरने दोन हरकती घेतल्या: इंटरॅक्शन (पिंजरा बदलल्यावर मॉर्फिनचा परिणामही बदलणं) दिसत नाही, आणि नमुना ४० धरता येणार नाही, वेतं मोजा. गाइड म्हणतात, दुसऱ्या नियतकालिकाकडे पाठवून दे. ती विचारते : "समृद्ध परिसराने मेंदू सुधारतो हे इतक्या प्रयोगांत दिसलंय, मग आमचं काय चुकलं? पुन्हा पिल्लं वापरायला मन धजत नाही. फेलोशिपचे सात महिने उरलेत. दोन वर्षं वाया गेली का?"

उत्तर :

पत्रातले चार आकडे आधी कागदावर चौकोनात मांडा. वरच्या ओळीत साधा पिंजरा, २२ आणि ३४. खालच्या ओळीत समृद्ध पिंजरा, १३ आणि २४. तुमची नजर तिरकी गेली. ती ३४ वरून २४ वर उतरली आणि तिथून वरच्या कोपऱ्यातल्या २२ कडे वळली. २४ आणि २२ जवळ आले, म्हणून हानी भरून निघाली असं वाटलं. आता तीच नजर आडवी फिरवा. साध्या पिंजऱ्यात मॉर्फिनवाली पिल्लं १२ सेकंद मागे होती आणि समृद्ध पिंजऱ्यात ११ सेकंद मागे आहेत. अंतर जवळजवळ होतं तेवढंच आहे. समृद्ध पिंजऱ्याने एका गटाचे ९ सेकंद वाचवले, दुसऱ्याचे १०. इंटरॅक्शन नाही म्हणजे एवढंच. दोन भावंडांना सारखी शिकवणी लावली, दोघांचेही गुण दहा-दहाने वाढले, तर धाकटा थोरल्याच्या बरोबरीला आला असं आपण म्हणत नाही.

हे झालं सेकंदांत मोजल्यावर. पटीत मोजलं तर चित्र आणखी बदलतं. ३४ ला २२ ने भागलं तर दीडपट येतात आणि २४ ला १३ ने भागलं तर जवळपास १.८ पट. म्हणजे त्याच आकड्यांवरून कुणी उलट म्हणू शकतो की समृद्ध पिंजऱ्यात मॉर्फिनवाली पिल्लं जास्तच मागे पडली. मेझमधल्या वेळेला खालून एक मर्यादा असते, कारण चौथऱ्यापर्यंत पोहायलाच काही सेकंद जातात. अशा मापावर 'अंतर कमी झालं की वाढलं' हे बऱ्याच अंशी मोजपट्टीवर ठरतं. म्हणून या एका आकड्यावर विसंबू नका. सहाव्या दिवशी चौथरा काढून घेतलेली चाचणी तुम्ही घेतली असेलच. तिथे पिल्लू योग्य चतुर्थांशात किती वेळ घुटमळलं ते पाहा (नुसत्या योगायोगाने २५ टक्के येतात). पोहण्याचा वेग आणि पोहलेलं अंतर वेगवेगळं काढा. समृद्ध पिंजऱ्यातली पिल्लं चपळ झालेली असतात, आणि चपळाई आठवणीसारखी दिसू शकते.

पाण्याच्या तापमानाची नोंदही काढा. चाचण्या एप्रिल-मेमध्ये झाल्याचं तुम्ही लिहिलंय. पाणी २२ ते २४ अंशांच्या आसपास हवं. विदर्भातल्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी २८-२९ वर सहज जातं आणि मग उंदराला बाहेर पडायची घाई राहत नाही, तो आरामात तरंगतो. चारही गट रोज आलटूनपालटून सोडले असतील तर हा घोळ सगळ्यांत सारखा वाटला गेला. एक गट सकाळी आणि एक दुपारी झाला असेल तर तुमच्या फरकाचा काही भाग ऊन पाडून गेलं असण्याची शक्यता आहे.

आता तुमच्या प्रश्नातल्या गृहीताकडे वळतो. 'समृद्ध परिसराने मेंदू सुधारतो' हे वाक्य खोटं नाही, पण ते कशाच्या तुलनेत, हे त्यात येत नाही. हेब यांनी १९४७ साली नोंदवलं की घरात मोकळे वाढलेले उंदीर प्रयोगशाळेत वाढलेल्यांपेक्षा कोडी सोडवण्यात सरस ठरतात. पुढे १९६० च्या दशकात बर्कलीत रोझेनवाइग, क्रेच, बेनेट आणि मॅरियन डायमंड यांनी समृद्ध पिंजऱ्यातल्या उंदरांचं कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) जाड आणि जड भरतं हे दाखवलं. फरक जेमतेम काही टक्क्यांचा होता, पण पुन्हा पुन्हा येत राहिला. त्यांच्या प्रयोगांत एकट्या कोंडलेल्या उंदरांचाही गट होता. सर्वांत मोठा फरक या दोन टोकांमध्ये दिसायचा. १९९७ मध्ये केम्परमान, कून आणि गेज यांनी माइसमध्ये (छोट्या जातीच्या उंदरांत) दाखवलं की समृद्ध पिंजऱ्यात राहिल्यावर हिप्पोकॅम्पस या आठवणीशी जोडलेल्या मेंदूच्या भागात, त्यातल्या डेंटेट पट्ट्यात नव्या पेशी जास्त टिकतात. हे सगळे प्राणी निरोगी होते, कुणाला अफूवर्गीय औषध दिलेलं नव्हतं. म्हणजे जे सुधारलं ते मुख्यतः साध्या पिंजऱ्याने केलेलं नुकसान. बाजूला भिंती, खाली तूस, वर जाळी, एक पाण्याची बाटली. उंदरासाठी ही सर्वसाधारण परिस्थिती नाही, ही उणीव आहे. तुमची सलाइन-साधा पिंजरा ही चौकट तुम्ही 'नॉर्मल' धरलीत आणि मॉर्फिनवाली पिल्लं तिथवर पोचली म्हणून समाधान मानलंत. उंदराच्या दृष्टीने नॉर्मलच्या जवळची चौकट १३ सेकंदांची आहे. तिच्यापासून ती अजून ११ सेकंद दूर आहेत.

'भरून निघणं' हा शब्दही जपून वापरायला हवा. फ्रान्सिस, डिओरिओ, प्लॉट्स्की आणि मीनी यांनी २००२ साली आईपासून रोज तोडलेल्या पिल्लांना दूध सुटल्यावर समृद्ध पिंजऱ्यात वाढवलं. ताणाला शरीर देतं तो प्रतिसाद आणि घाबरटपणा, दोन्ही सुधारले. पण मेंदूतल्या सीआरएफ या ताणसंप्रेरकाच्या जनुकाचं वाढलेलं काम तसंच राहिलं. लेखकांनी प्रांजळपणे लिहिलं की ही भरपाई आहे, मूळ बदल उलटलेला नाही. मोडलेल्या पायाचा माणूस काठी घेऊन वेगात चालू लागला तर ते चांगलंच आहे, पण हाड जुळलं असं आपण लिहीत नाही. तुमच्या निबंधात वर्तनाचीच चाचणी आहे. तेवढ्यावर 'हानी भरून निघते' हे वाक्य उभं राहत नाही.

रिव्ह्यूअरने काढली नाही अशी एक त्रुटी आता सांगतो, कारण पुढचा रिव्ह्यूअर ती काढेल. समृद्ध पिंजरे दोन, आणि त्यांतला एक पूर्ण मॉर्फिनचा, एक पूर्ण सलाइनचा. समजा एका पिंजऱ्यात एखादा दांडगा नर निघाला, एकुलतं घरटं बळकावून बसला आणि बाकीचे नऊ आठवडाभर दबून राहिले. तो परिणाम थेट 'मॉर्फिन' या नावाखाली जमा होईल. पिंजऱ्यातले दहा उंदीर एकच हवा, एकच भांडण, एकच आवाज वाटून घेतात. त्यामुळे समृद्ध ओळीत तुमच्याकडे प्रत्येक बाजूला एकच पिंजरा आहे आणि एकाची सरासरी काढता येत नाही. शिवाय साध्या पिंजऱ्यात दोन उंदीर, समृद्ध पिंजऱ्यात दहा. सुधारणा वस्तूंमुळे, की आठ जादा सोबत्यांमुळे, की धावचक्रामुळे? नुसत्या धावचक्रानेही हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी वाढतात, हे व्हान प्राग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये माइसवर दाखवलंय. वस्तू बदलायला तुमचा हात त्या पिंजऱ्यात आठवड्यातून दोनदा जात होता. साध्या पिंजऱ्यात तेवढ्यांदा गेला का, तेही आठवून पाहा.

वेतांचा मुद्दा मात्र रिव्ह्यूअरने अचूक पकडलाय. एका वेतातल्या चार भावांचं गर्भाशय एक, आईला टोचलेली मात्रा एक, दूध एक. त्यांचे आकडे एकमेकांसारखे येणारच. चाळीसला कितीने भागायचं, याचा हिशेब साधा आहे : वेतामागची पिल्लं वजा एक, गुणिले भावांमधलं साम्य, अधिक एक. ते साम्य ०.४ असेल तर ३ गुणिले ०.४ अधिक १, म्हणजे २.२. चाळीस भागिले २.२ केलं की साधारण १८ उरतात. साम्य ०.६ असेल तर १४. मॉर्फिन मादीला दिलं होतं, पिल्लाला नव्हे. त्यामुळे मॉर्फिनचा परिणाम विचाराल तेव्हा तुमच्याकडे पाच विरुद्ध पाच माद्या आहेत. पिंजऱ्याची तुलना मात्र प्रत्येक वेताच्या आतच होते, दोन भाऊ इकडे आणि दोन तिकडे, आणि तिथे तुमची रचना चांगली बसली आहे. पत्रातली ही सर्वांत भक्कम गोष्ट तुम्ही स्वतः लक्षात घेतलेली दिसत नाही.

मॉर्फिनच्या बाजूला थोडं थांबायला हवं, कारण शीर्षकात तुम्ही 'अफूवर्गीय औषधाचा परिणाम' लिहिलंय आणि पिल्लांवर तेवढं एकच काही झालेलं नाही. उंदराच्या शरीरातून मॉर्फिन काही तासांत निघून जातं. दिवसातून दोनदा टोचल्यावर मादी रोज दोनदा चढउतारातून जाते आणि तिच्याबरोबर गर्भही. मॉर्फिन घेणारी मादी कमी खाते, म्हणजे उपासमार आली. व्यायल्यावर तुम्ही औषध एकदम थांबवलंत. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस आई आणि पिल्लं दोघंही औषध तुटण्याच्या त्रासात होती. अशी आई चिडचिडी असते. घरटं विस्कटतं, पिल्लं तुसात इकडेतिकडे पडतात, आणि या वयात स्वतःची ऊब राखणं त्यांना जमत नाही. सकाळी पिंजरा उघडल्यावर पिल्लाच्या डाव्या कुशीकडे बघायचं असतं. दूध प्यालेल्या पिल्लाच्या पातळ गुलाबी कातडीतून पोटातलं पांढरं दूध स्पष्ट दिसतं. ते दिसत नसेल तर त्याचं पोट रिकामं आहे. तुमच्या वहीत माद्यांची रोजची वजनं, उरलेलं खाद्य आणि पिल्लांची १, ७, १४, २१व्या दिवसाची वजनं असतील तर ती आज सोन्याच्या मोलाची आहेत. पिल्लाचं वजन विश्लेषणात घेतल्यावर १२ सेकंदांचं अंतर किती उरतं ते पाहा. पण अशाने उत्तर पूर्ण मिळतं असं समजू नका. वजन घटणं हाही मॉर्फिनच्या वाटेतलाच टप्पा आहे, म्हणून विश्लेषण दोन्ही प्रकारे द्या.

निबंधाच्या चर्चेत तुम्ही हा काळ माणसाच्या 'तिसऱ्या तिमाहीशी' जुळवलाय, ते बदला. उंदीर फार कच्चा जन्मतो. डॉबिंग आणि सँड्स यांनी १९७९ मध्ये प्राण्यांच्या मेंदूवाढीच्या वेगाची तुलना केली, तिच्यानुसार माणसाच्या पूर्ण दिवसांच्या जन्माशी उंदराचा ७ ते १० वा दिवस जुळतो, आणि नवजात उंदीर साधारण सहाव्या महिन्याच्या मानवी गर्भाजवळ येतो. म्हणजे तुमचं मॉर्फिन मेंदूच्या जोमदार वाढीआधीच संपलं. वॉटर मेझ ज्या हिप्पोकॅम्पसची परीक्षा घेते, त्याच्या डेंटेट भागातल्या बहुतेक पेशी उंदरात जन्मानंतर तयार होतात. त्यामुळे थेट आघात, औषध तुटणं आणि आईचं वागणं यांतलं कोण किती, हा प्रश्न तुमच्या प्रयोगात अगदी मध्यभागी आहे. मेंदूतली स्वतःची अफूसारखी द्रव्यं वाढीला ब्रेक लावतात, हे झॅगन आणि मॅक्लॉफ्लिन यांनी १९८३ पासून दाखवलंय. पिल्लांना नाल्ट्रेक्सोन हे अफूची क्रिया रोखणारं औषध देऊन या द्रव्यांचे रिसेप्टर (पेशींवरची ती चिकटतात त्या जागा) दिवसभर बंद ठेवले तर मेंदू मोठा भरला. म्हणून काळ, मात्रा आणि मधली खंडितता या तिन्हींना महत्त्व आहे. 'मॉर्फिन दिलं' एवढ्या दोन शब्दांत ते मावत नाही.

मग सात महिन्यांत काय करायचं? तोच दावा तसाच दुसरीकडे पाठवणं मला पटत नाही. हे क्षेत्र लहान आहे, तोच रिव्ह्यूअर पुन्हा येण्याचा संभव बराच आहे, आणि छापून आलं तरी चूक तुमच्या नावावर राहील. दुसरंही एक कारण आहे. अपुऱ्या दिवसांच्या, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) मॉर्फिन किंवा फेंटॅनिल मिळालेल्या बाळांचे आईवडील रात्री अशा निबंधांचे सारांश वाचत बसतात. 'हानी' हा शब्द त्यांना घाबरवतो आणि 'भरून निघते' हा शब्द त्यांना खेळण्यांच्या दुकानात पाठवतो. त्यांच्या बाळाला वेदना होती म्हणून औषध दिलं होतं, डोस मोजून दिला होता, आणि न शमवलेल्या वेदनेचेही वाढत्या मेंदूवर परिणाम होतात. वेदना नसलेल्या गाभण मादीला टोचलेल्या मॉर्फिनवरून त्या बाळाबद्दल काहीच ठरवता येत नाही. चर्चेच्या शेवटच्या परिच्छेदात हे स्पष्ट लिहा.

पहिला महिना जुन्याच आकड्यांवर घालवा. मिक्स्ड मॉडेल (एका गटातले आकडे एकमेकांसारखे असतात हे हिशेबात धरणारी संख्याशास्त्रीय पद्धत) करा, त्यात वेत आणि पिंजरा दोन्ही यादृच्छिक घटक म्हणून घ्या, पाचही दिवसांच्या चाचण्या एकत्र बसवा. वेळ ६० सेकंदांवर कापला जात असेल तर न पोचलेल्या पिल्लांना नुसते '६०' धरू नका, सर्व्हायव्हल पद्धत वापरा, ती 'अजून पोचलं नाही' ही नोंद तशीच हिशेबात घेते. निकाल बहुधा असा येईल : पिंजऱ्याचा परिणाम टिकेल, मॉर्फिनचा कदाचित डळमळेल, इंटरॅक्शनबद्दल ठाम काही म्हणता येणार नाही. 'फरक सापडला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, दुसरं लिहू नका. इंटरॅक्शन पकडायला साध्या फरकापेक्षा कितीतरी मोठा नमुना लागतो. दहा वेतांत तो सुटला तर नवल नाही. या मर्यादांसकट 'गर्भावस्थेत मॉर्फिन मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही नर उंदरांत समृद्ध पिंजऱ्यानंतर मेझमधली कामगिरी सुधारते' हा निबंध होतो. तो लहान आहे, पण खरा आहे. उणिवांची कबुली दिली म्हणून कुणी तो परत पाठवणार नाही.

दुसरा प्रयोग करायचा की नाही, हे तुमच्या मनावर आहे. पिल्लांबद्दल तुम्हाला वाटतं ते योग्यच आहे, म्हणून संख्या मांडून दाखवतो. मॉर्फिनच्या आठ आणि सलाइनच्या आठ माद्या. प्रत्येक वेतातून दोनच नर, एक साध्या पिंजऱ्यात, एक समृद्ध पिंजऱ्यात. चाचणीला ३२ पिल्लं लागतात, मागच्यापेक्षा आठ कमी, पण वेतं दहाऐवजी सोळा. माद्या मात्र सहा जास्त लागतात आणि उरलेली पिल्लं आहेतच, ती गणतीत धरा. त्याच वेतांतल्या माद्यांचा गट करता येईल का, किंवा विभागातल्या दुसऱ्या कुणाला ऊती हव्यात का, हे जोड्या लावण्याआधी विचारा. वेळ बघा : जोड्यांना आठवडा, गर्भ २२ दिवस, दूध २१, समृद्ध पिंजरा ४०, चाचण्या आठ, म्हणजे साधारण चौदा आठवडे. प्राणी नीती समितीकडे सुधारित प्रस्ताव आणि मॉर्फिनच्या साठ्याची परवानगी व नोंदवही यांना दोन महिने धरले तर सात महिन्यांत एकच फेरी बसते. दुसरी संधी नाही. मंजुरी दोन महिन्यांत आली नाही तर हा बेत सोडून जुना निबंध घेऊन प्रबंध पुरा करा.

केलाच तर तीन गोष्टी बदला. पहिली : एकाच दिवशी व्यायलेल्या मॉर्फिन आणि सलाइन माद्यांची जोडी लावा आणि पहिल्याच दिवशी अर्धी-अर्धी पिल्लं अदलाबदल करा, म्हणजे प्रत्येक आई दोन्ही प्रकारची पिल्लं वाढवेल. प्रत्येक वेत आठ पिल्लांवर आणा. आईला आधी वेगळ्या पिंजऱ्यात काढा, हातमोज्यांना तिच्याच घरट्यातला तूस चोळा, पिल्लं उबदार गादीवर ठेवा आणि पंधरा मिनिटांत काम उरका. परक्या वासाचं, गार पडलेलं पिल्लू आई बाजूला सारते, कधी खाऊनही टाकते. घाई केली आणि खुणा चुकल्या तर सगळा प्रयोग गेला, म्हणून पंजाच्या तळव्यावर टॅटूची खूण एकाने करावी आणि दुसऱ्याने वहीत लिहावी.

दुसरी : समृद्ध पिंजऱ्यात मॉर्फिनवाले आणि सलाइनवाले एकत्र ठेवा, आठाच्या दोन पिंजऱ्यांत चार-चार. साध्या पिंजऱ्यातही एक-एक अशीच जोडी लावा. मग दांडगा नर निघाला तरी तो दोन्ही गटांना सारखा छळेल. सोबत्यांचा प्रश्न यानेही पूर्ण सुटत नाही. तिसरा गट परवडत नसेल तर निष्कर्षात 'वस्तू, व्यायाम आणि सोबत यांचा एकत्रित परिणाम' असं लिहा, ते पुरे आहे.

तिसरी गोष्ट पिंजऱ्याच्या आतली. साधारण १०० × ६० × ६० सेंटिमीटरचा दोन मजली पिंजरा घ्या. प्लंबिंगच्या दुकानातला चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरचा पाइप कापून कडा घासून घ्या. अडीच इंची पाइपात पिल्लं छान मावतात, पण साठाव्या दिवशी तीनशे ग्रॅमच्या घरात गेलेला नर त्यात अडकतो. पीव्हीसीचा पाइप ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) वाकडा होतो, तो साबणाच्या गरम पाण्याने आणि पातळ हायपोक्लोराइटने धुऊन पूर्ण वाळवा. मातीची बोळकी, नारळाच्या करवंट्या, औषध न फवारलेल्या लाकडाचे ठोकळे उत्तम. सुतळी आणि कापसाच्या दोऱ्या नकोत, दोरा पायाला गुंडाळून बोट सुजतं. लपायच्या जागा किमान तीन ठेवा आणि प्रत्येकीला दोन दारं हवीत. एका दाराची जागा एकच नर अडवून बसतो. खाद्य-पाणी दोन टोकांना असू द्या. वस्तू सोमवारी आणि गुरुवारी बदला, पण एका वेळी अर्ध्याच, आणि घरट्याच्या कागदी चिंध्या कधीही सगळ्या काढू नका. ओळखीचा वास एकदम गेला की त्या रात्री भांडणं होतात आणि सकाळी शेपट्यांवर चावे दिसतात. चावे दिसले तर तारीख आणि उंदराचा क्रमांक लिहा. साध्या पिंजऱ्यातल्या उंदरांनाही त्याच दिवशी, तेवढीच मिनिटं हातात घ्या.

गाइडशी बोलायचं अवघड वाटत असणार. रिव्ह्यूअरचं पत्र पुढे करून 'सर, तो बरोबर म्हणतोय' अशी सुरुवात करू नका. एका पानावर एकच आलेख न्या : आडव्या अक्षावर पिंजरा, उभ्या अक्षावर सेकंद, सलाइनची एक रेघ आणि मॉर्फिनची एक. २२ वरून १३, ३४ वरून २४. दोन रेघा जवळजवळ समांतर उतरताना दिसतात, त्याला फारसं स्पष्टीकरण लागत नाही. शेजारी वेतानुसार रंग दिलेले चाळीस ठिपके ठेवा. मग विचारा की दावा बदलून याच नियतकालिकाला सुधारित प्रत देऊ का. सुधारित प्रत नव्या ठिकाणी पाठवण्यापेक्षा लवकर मार्गी लागते, आणि सात महिन्यांच्या हिशेबात हे त्यांनाही पटण्यासारखं आहे. तरीही ते अडले तर तुमच्या संशोधन सल्लागार समितीतल्या संख्याशास्त्राच्या जाणकाराला पुढच्या बैठकीत तोच आलेख दाखवा.

दोन वर्षांचं विचारलंत. वेतांची आखणी, माद्यांच्या वजनांची वही, दहा वेतांच्या आत नीट बसवलेली पिंजऱ्यांची तुलना, हे तुमच्या हातात आहे. यातून प्रबंधाची दोन प्रकरणं सरळ निघतात : एक पिंजऱ्याच्या परिणामाचं आणि एक पद्धतीचं, ज्यात वेत आणि पिंजरा न मोजल्याने निष्कर्ष कसा बदलतो हे स्वतःच्याच आकड्यांवर दाखवता येईल. तुमच्यामागून त्याच अ‍ॅनिमल हाउसमध्ये येणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या प्रकरणाचा उपयोग जास्त होईल. हिप्पोकॅम्पसचे तुकडे उणे ८० अंशांत ठेवले असतील तर त्यांवर वेत, पिंजरा आणि पिल्लाचा क्रमांक आहे ना ते याच आठवड्यात तपासा. लेबलं बर्फात पुसट होतात, आणि नुसतं 'एम-ई' (मॉर्फिन, समृद्ध पिंजरा) लिहिलेली कुपी कोणत्या वेताची हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.